ऊलकान एजे आणि न घेतलेलं नाव

ऊलकान एजेला, म्हणजे ऊलकानताईला, कुणी विचारलं, की हे इंटरनेटचं काम तुम्ही कुठे शिकलात, तर ती सांगायची, "अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर." विचारणारा हसायचा. ती हसत नसे, कारण ते खरं होतं.

डोंगरातल्या अत-बाशी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती विसाव्या वर्षी ऑपरेटर म्हणून लागली. समोर भोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी. लोक नंबर सांगत नसत. नंबर माहीत होते कुणाला? लोक नाव सांगत. पलीकडच्या गावचा गुरांचा डॉक्टर दे, नारिनच्या गिरणीत जोड, माझ्या मेव्हण्याकडे लाव, तो कुठे असेल ते तुलाच ठाऊक. ऊलकान नावावरून नंबर काढायची आणि वायर बरोबर भोकात खुपसायची. खोऱ्यातला एकूण एक नंबर तिला तोंडपाठ होता. कुणाला कुणाशी जोडायचं नाही, हेही पाठ होतं. एक ट्रॅक्टरवाला होता, तो प्यायला की त्याला जिल्ह्याच्या साहेबांना चार गोष्टी ऐकवायची हुक्की यायची. ऊलकान दर वेळी त्याला शांतपणे सांगायची, "लाइन बिघडली आहे, भाऊ." ती लाइन अकरा वर्षं बिघडलेली होती. तेवढ्या काळात तीन साहेब बदलून गेले आणि ट्रॅक्टरवाल्याची नोकरी शाबूत राहिली.

एक्स्चेंज बंद झालं तेव्हा बाकीच्या बायका घरी गेल्या. ऊलकान गेली नाही. बाजारात चपलांच्या ओळीच्या शेवटी तिने दुकानासाठी एक निळा मालवाहू कंटेनर घेतला आणि आधी टेलिफोन, मग मोबाइल, मग टॅबलेट दुरुस्त करायला लागली. ज्या वयात माणसं नातवंडांना मोजे विणतात त्या वयात ही बाई डोळ्याला भिंग लावून बोटाच्या नखाएवढे स्क्रू काढत बसायची. मोजेही विणायची, पण ते गिऱ्हाईक नसताना.

साठीला आली तेव्हा राजधानी बिश्केकहून एक तरुण इंजिनियर आला होता. शाळेच्या हॉलमध्ये त्याने फळ्यावर बाण काढकाढून डीएनएस म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. आपण इंटरनेटवर एखादं नाव टाकतो, पण यंत्रांना नावं कळत नाहीत, नंबर कळतात. मध्ये एक जागा असते, ती नाव ऐकून नंबर देते. आणि हवं तर आपल्या पसंतीची जागा निवडता येते, जी वाईट ठिकाणांचे नंबर देतच नाही. पुढच्या बाकावरून ऊलकान एजे म्हणाली, "म्हणजे दारुड्याला लाइन बिघडली म्हणून सांगते, तीच ना? हे मी केलंय, बाळ. पगार कमी होता." हॉल हसला. इंजिनियरही हसला, आणि जाताना तिला सगळी कागदपत्रं देऊन गेला.

ती कागदपत्रं तिने हिवाळाभर वाचली. खोऱ्यातल्या दर दुसऱ्या घरातली कर्ती पोरं मॉस्कोत. घरी आजी-आजोबा, नातवंडं आणि पोरांनी पाठवलेला एक टॅबलेट. त्या टॅबलेटवरून नातवंडांना नको ते दिसायचं आणि म्हाताऱ्यांना बक्षिसं लागायची. एका आजोबांना तर न पाहिलेली मोटार तीनदा लागली. ऊलकान एजेने घरोघरी जाऊन प्रत्येक टॅबलेटवर अशा निवडक जागेचा, म्हणजे फिल्टरचा, पत्ता घातला. दर घराची वेगळी यादी केली, आणि त्या सगळ्या याद्या तिच्या कंटेनरमधल्या संगणकावर ठेवल्या. कुठल्या घरात काय उघडलं, काय अडवलं, ते तिला बसल्या जागी दिसायचं. अशी एकशे साठ घरं झाली. प्रत्येक यादीला त्या घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव, कारण घरं तशीच ओळखली जातात. एका यादीवर मात्र नाव नव्हतं, 'आमचं घर' एवढंच लिहिलं होतं. ते तिचं स्वतःचं. सासरे जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण सासऱ्यांचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं आणि संगणकावर टाकायलाही तिचं बोट धजत नव्हतं.

सगळ्या याद्यांत तिने एक नियम आवर्जून घातला होता: ज्या ठिकाणाला जन्मून तीस दिवस झाले नाहीत, ते बंद. फसवणारे रोज नवं नाव काढतात, महिन्याभरात माया गोळा करून नाव टाकून देतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. लोकांना ती सांगायची, "बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस परका माणूस घेतो का आपण? तसंच हे, फक्त उलटं. नवजात घरात घ्यायचं नाही." लोकांना हे पटकन पटायचं. या नियमाचा तिला फार अभिमान होता, आणि त्याच नियमाने एके दिवशी तिला तोंडघशी पाडलं.

ऑगस्ट महिना. खोऱ्यात गवतकापणी चालली होती आणि बाजार ओस पडला होता. ऊलकान एजे एका फोनची काच काढत होती. दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा स्वतःचा फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज बाईचा, तरुण, आणि घाबरून बारीक झालेला.

"ऊलकान एजे, मी ताश-बुलाकहून बोलतेय, बेगायम. सासूबाईंच्या फोनवरून. माझी परीक्षा आहे हो टॅबलेटवर. दोनला सुरू झाली. पान उघडतं, पण 'सुरू करा' दाबलं की नुसतं गोल गोल फिरतं."

"किती वाजेपर्यंत घेतात आत?"

"तीन. तीननंतर दार बंद."

"कसली परीक्षा?"

"गावच्या दवाखान्यातली नर्सची जागा. एकच आहे, एजे. ती मिळाली तर मी इथे राहीन. नाहीतर ऑक्टोबरात मॉस्कोला नवऱ्याकडे जायचं ठरलंय, आणि सेझिम इथे सासूबाईंकडे. ती दीड वर्षाची आहे."

ऊलकान एजेने काच बाजूला ठेवली. ऑपरेटर असताना तिने पोरं सोडून गेलेल्या आया आणि आया सोडून गेलेली पोरं खूप जोडून दिली होती. अशा फोनवर पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. तो श्वास तिने वर्षानुवर्षं कानाशी ऐकला होता आणि त्याचा तिला राग होता. कुणावर राग, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"रडायचं नंतर," ती म्हणाली. "आधी सेटिंगमध्ये जा आणि फिल्टर बंद करून बघ."

"पिन मागतंय. तो ह्यांनी लावलाय, दीर सारखे बंद करायचे म्हणून. ह्यांना फोन लावला, बंद आहे. बोगद्यात काम असतं, संध्याकाळशिवाय वर येत नाहीत."

"दुसऱ्या कुठल्या टॅबलेटवर?"

"नाव ह्याच टॅबलेटवरून नोंदवलंय. दुसऱ्यावर चालणार नाही म्हणून लिहिलंय."

"बरं. मग मी माझ्याकडून उघडते. काय अडतंय ते मला इथे दिसेल. घर कुणाचं तुझं?"

बेगायम क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "बोलोतबेक अतांचं." वडीलधाऱ्या पुरुषांच्या नावामागे आमच्याकडे अता लावतात.

ऊलकान एजेने यादी काढली. ताश-बुलाक, बोलोतबेक. उघडली. नोंदींचं पान कोरं होतं. आजचं काहीच नाही, कालचं नाही, परवाचंही नाही. शेवटची नोंद मंगळवारची, घोड्यांच्या शर्यतीची.

"तुझा टॅबलेट माझ्या फिल्टरकडे फिरकतच नाहीये," ती म्हणाली. "वायफाय बंद करून चालू कर."

केलं. काही नाही.

"टॅबलेट बंद करून चालू कर."

केलं. त्याला चार मिनिटं लागली. पलीकडे कुठेतरी लहान मूल चमच्याने काहीतरी बडवत होतं. टॅबलेट चालू झाला, पान उघडलं, पुन्हा गोल फिरायला लागलं. इकडे यादी तशीच कोरी.

"वायफायच्या डब्याची वायर काढ भिंतीतून. दहा आकडे मोज. परत लाव."

बेगायमने मोजले. तिच्यापाठोपाठ सासूही मोजत होती. ऊलकान एजेने तेवढ्यात तिच्या नवऱ्याला फोन लावून पाहिला, तो बंदच होता. डब्याचे दिवे लागेपर्यंत दोन वाजून छत्तीस मिनिटं झाली, आणि यादीत एक ओळही आली नाही.

"एजे," बेगायम हळूच म्हणाली, "राहू दे. नशिबातच नसेल."

"नशीब माझ्या यादीत नाहीये, त्यामुळे ते मी बघणार नाही," ऊलकान एजे फटकन म्हणाली. मग ती एकेक गोष्ट मनात तपासायला लागली. टॅबलेटला नेट मिळतंय, पान अर्धं उघडतंय, म्हणजे कुणीतरी नंबर देतंय. पिन लावलाय, म्हणजे फिल्टर जागेवर आहे. मग नोंद का येत नाही? जे विचारलं गेलं ते लिहिलं गेलंच पाहिजे. तिने पुन्हा मंगळवारची नोंद पाहिली. मंगळवारी घोडे पाहिले, आणि बुधवारपासून चिडीचूप. असं कधी होतं? घर बंद करून सगळे वर कुरणात गेले की होतं. तिथे नेट नाही. आणि बोलोतबेक गेलाच होता की कुरणात, तिन्ही मुलींना आणि त्यांच्या पोरांना घेऊन. बुधवारीच जाताना इथून फोनची बॅटरी घेऊन गेला होता.

तिन्ही मुलींना.

ऊलकान एजेचा हात यादीवरच थांबला. बोलोतबेकला मुलगेच नव्हते. मग त्याला सून कुठून आली?

तिने कपाळावर असा हात मारला की चष्मा खाली पडला.

"अगं केलिन," ती म्हणाली. आमच्याकडे सुनेला केलिन म्हणतात आणि अख्खं गावच तिला त्या नावाने हाक मारतं. "खरं सांग. तुझ्या सासऱ्यांचं नाव बोलोतबेक नाहीच ना?"

पलीकडून अगदी खालच्या आवाजात, "नाही."

"नाव घ्यायचं नाही म्हणून तू बदलून सांगितलंस."

"मला वाटलं तुम्हाला कळेल, एजे. इथे सगळे ओळखतात. सासूबाईपण तसंच म्हणतात."

मागून सासूचा आवाज आला, अजिबात न घाबरलेला. "चाळीस वर्षं मी तेच म्हणतेय. आजवर सगळ्यांना कळलं."

सासूचं खरंच होतं. आमच्या भाषेत लोखंड म्हणजे तेमिर, पोलाद म्हणजे बोलोत. सासऱ्यांच्या नावात लोखंड असेल तर सुनेने पोलाद म्हणायचं. सासऱ्यांचं नाव घेणारी सून आमच्या खोऱ्यात अजून जन्मायची आहे. खिळ्यालाही बेगायम खिळा म्हणत असेल, पण त्याच्या धातूचं नाव घेत नसेल. ऊलकान एजेला हे कळायला हवं होतं, आणि सगळ्यांत जास्त तिलाच कळायला हवं होतं. एक्स्चेंजमध्ये तिला फोन करणारं निम्मं जग सुनांचं होतं. नंबरांच्या वहीशेजारी तिची दुसरी एक वही असे, कुठली सून कुणाला काय म्हणते त्याची. तिथे बसल्यावर तिचा पहिला प्रश्न असे, 'तू कुणाकडची सून?' आणि मगच दुसरा. मोबाइलवर माणसांची नावं आपोआप दिसायला लागल्यापासून तिने तो प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. ही पोर तर लांब तलासहून लग्न होऊन आलेली, आवाजावरून ओळखायचीही सोय नव्हती.

"चूक माझी आहे, तुझी नाही," ऊलकान एजे म्हणाली. "चष्मा सापडू दे."

तिने तेमिरबेकची यादी उघडली आणि अडवलेल्यांचं पान खालपर्यंत भरलेलं दिसलं. दोन वाजल्यापासून एकच नाव ओळीने सत्तावीस वेळा. परीक्षेचं पान जुन्या ठिकाणी होतं, ते उघडत होतं. पण प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्यांनी एका नव्या ठिकाणी ठेवली होती, आणि ते ठिकाण जन्मून एकोणीसच दिवस झाले होते. चाळीस दिवस पुरे न झालेलं बाळ. ऊलकान एजेचा तो लाडका नियम दारात उभा राहून प्रत्येक वेळी सांगत होता, लाइन बिघडली आहे.

तिने नियमाला हात लावला नाही. त्या एका नावाला परवानगी दिली, दोनदा अक्षरं तपासली आणि म्हणाली, "दाब आता."

"दाबलं. फिरतंय, एजे."

दोन एकोणपन्नास.

"फिरणारच. तुझ्या टॅबलेटला मघाशी सांगितलंय ना की असं कुणी नाही म्हणून. तो आता पुन्हा विचारतच नाहीये, जुनंच धरून बसलाय. त्याला विसरायला लावू. वरून पडदा खाली ओढ. विमानाचं चित्र दिसतंय?"

"दिसतंय."

"दाब. आता हात काढ. सासूबाईंना म्हण, वीस आकडे मोजा, ठणठणीत."

सासूने मोजले. लहान मुलीने चमचा थांबवून ऐकले. वीसला बेगायमने विमान बंद केलं. वायफाय यायला वेळ लागला. कंटेनरमध्ये ऊलकान एजे उभी राहिली होती, का ते तिचं तिलाच कळलं नाही. एक्स्चेंजमध्ये कठीण लाइन जोडताना ती अशीच उभी राहायची.

"दाबू?"

"दाब."

फोनवर फक्त श्वास येत होता, तो जुनाच ओळखीचा श्वास, आणि ऊलकान एजेने डोळे मिटून घेतले.

"प्रश्न आला," बेगायम म्हणाली. "पहिला प्रश्न आला, एजे."

"मग माझ्याशी काय बोलतेस? फोन ठेव."

दोन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. ऊलकान एजेने शेगडीवर चहा ठेवला. तो उतू गेला, पुन्हा ठेवला. मग संगणकावर बसून तिने एकशे साठ याद्यांत प्रत्येक नावाखाली एक नवी ओळ केली. शीर्षक दिलं, 'सुना काय म्हणतात'. तेमिरबेकखाली लिहिलं, पोलाद. बाकीच्यांची माहिती गोळा करायला पुढे तिला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांत तिने फोनवर इतकं हसून घेतलं, की शेजारचा चपलावाला डोकावून बघायचा. स्वतःच्या घराच्या ओळीत तिने काही लिहिलं नाही. तिथली सूनही तीच होती आणि लिहून घेणारीही तीच.

सप्टेंबरात निकाल लागला. बेगायमने फोन केला तेव्हा ऊलकान एजे म्हणाली, "मला ठाऊक आहे," आणि कसं ठाऊक ते सांगितलं नाही. तेमिरबेकच्या यादीत मॉस्कोची तिकिटं शोधण्याचं पान रोज दिसायचं, ते निकालाच्या दिवसापासून दिसेनासं झालं होतं. लोकांच्या घरात डोकावायचं नाही, हा तिचा दंडक होता. ही एक ओळ तिने महिनाभर रोज पाहिली होती आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

ऑक्टोबरच्या मध्याला ताश-बुलाकच्या दवाखान्यात नवा संगणक आला. तो लावायला ऊलकान एजे स्वतः गेली. बर्फ अजून डोंगरावरच होतं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत बेगायम पांढऱ्या कोटात, डोक्याला पांढरा रुमाल. कोपऱ्यात गालिच्याच्या तुकड्यावर सेझिम, हातात बहुधा तोच चमचा. बाहेर बाकावर सात-आठ माणसं. ऊलकान एजेने संगणक जोडला, तपासला आणि सवयीने फिल्टर घातला. मग बेगायम म्हणाली, "एजे, जाऊ नका, नवीन आहे, अडले तर," म्हणून ती खिडकीशी बसून राहिली.

चौथा माणूस आत आला तो तेमिरबेक अता. उंच, वाकलेला, टोपी हातात. आठवडाभर डोकं दुखत होतं, पण गवताच्या गंजी लावून झाल्याशिवाय तो आला नव्हता. त्याने सुनेकडे न पाहता स्टुलावर बूड टेकवलं. सून समोर, संगणक मध्ये. पडद्यावर पहिलीच रिकामी चौकट होती: रुग्णाचं नाव.

बेगायमची बोटं टाइप करायच्या पट्टीवर आली आणि वरच थांबली. आधीच्या तिघांची नावं तिने खडाखड टाकली होती. आता कान लाल झाले, मान खाली गेली. चौकट रिकामी ठेवली तर संगणक पुढे जाऊ देत नव्हता, ते ऊलकान एजेला ठाऊक होतं. तिने उठायचं ठरवलं. नाव आपण टाकून द्यावं, आपल्याला काय अडचण.

पण म्हातारा आधी उठला. टेबलाला वळसा घालून सुनेच्या शेजारी उभा राहिला. टाइपरायटरसुद्धा त्याने जन्मात वापरला नसेल. खुरपी आणि लगाम धरून जाड झालेलं एक बोट काढून तो अक्षरं शोधायला लागला. एक सापडलं की दाबायचं, पडद्यावर बघायचं, मग दुसरं शोधायचं. मधे एक चुकलं, तेव्हा बेगायमने नुसतं बोटाने खोडायची कळ दाखवली. बाहेर बाकावर कुणी खोकलं, पण आत कुणी डोकावलं नाही. तेमिरबेकने आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, स्वतः लिहिलं.

"त्या दिवशीही मला बोलवायचं होतंस," लिहून झाल्यावर तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "घोड्यावरून आलो असतो. फोनमध्ये ओरडून सांगितलं असतं माझं नाव."

"तुम्ही गवतावर होता, अता."

"गवत कुठे पळून जात होतं?"

तो परत स्टुलावर जाऊन बसला. ऊलकान एजेने खिडकीबाहेर तोंड केलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि अडुसष्टाव्या वर्षी तिला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

बेगायमने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, कानाला नळी लावून ऐकलं. आकडा तिने लिहून घेतला, पट्टा सोडला, आणि मान वर करून पहिल्यांदाच सासऱ्यांकडे सरळ पाहिलं.

"चहात मीठ बंद," ती म्हणाली. "आजपासून. आणि ही गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी. विसरायची नाही."

आयुष्यभर मिठाचा चहा प्यालेला तेमिरबेक अता टोपी डोक्यावर ठेवत "बरं" म्हणाला.